उपमा कुठून आणायची?

प्रश्न : ताई, मी दोन वर्षांपासून कथा लिहिते. आजोबा गेल्यानंतरच्या दिवसांवरची कथा मैत्रिणींना वाचून दाखवली, तर सगळ्या म्हणाल्या, ‘भाषा सपाट आहे, जरा अलंकार घाल.’ मग मी लिहिलं : ‘आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. घर समुद्रासारखं शांत झालं. आजीच्या डोळ्यांतून गंगा-यमुना वाहू लागल्या.’ आता ते माझं मलाच खोटं वाटतंय. काय चुकलं?
ता. क. आजोबांचा चष्मा अजून टेबलावरच आहे. एक काडी दोऱ्याने बांधलेली. आजी तो कुणाला हलवू देत नाही.

उत्तर : तुम्हाला ते खोटं वाटलं, हे वाचून फार बरं वाटलं. तुमचा कान शाबूत आहे.

‘दुःखाचा डोंगर’ कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं असेल, तेव्हा ऐकणाऱ्याच्या छातीवर दडपण आलं असेल. वापरून वापरून ते इतकं झिजलंय, की आता डोंगर दिसतच नाही; ‘खूप दुःख झालं’ एवढंच कळतं. करवतीचे दात, बाटलीचा गळा, डोंगराचा माथा हीसुद्धा एकेकाळची रूपकंच. बाटलीचा गळा म्हणताना माणसाचा गळा आठवतो का कुणाला? असे शब्द रोजच्या बोलण्याला लागतातच, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण ज्या वाक्यावर सगळ्या कथेचा भार आहे, तिथे ते तग धरत नाहीत.

समुद्राची गोष्ट वेगळी. शाळेत उपमेची चार अंगं शिकलो होतो, ती इथे उपयोगी पडतात : घर हे उपमेय, समुद्र उपमान, ‘सारखं’ हा साधर्म्यवाचक शब्द आणि ‘शांत’ हा साधारण धर्म. व्याकरणाने सगळं जागच्या जागी आहे. पण समुद्र तर गाजत असतो! साधारण धर्मच खरा नाही, म्हणून वाक्य पोकळ वाजतं. कुठलीही उपमा तपासताना मी आधी याच शब्दावर बोट ठेवते.

माझे वडील गेले तेव्हा मीही पानभर लिहिलं होतं. वादळ होतं, काळोख होता, उन्मळून पडलेला वटवृक्ष होता. वडील मात्र त्या पानात कुठेच नव्हते. पुढे बऱ्याच महिन्यांनी कपाटाखालून त्यांच्या चपला निघाल्या. उजवी टाच जास्त झिजलेली, कारण ते त्या पायावर भार देऊन चालायचे. चामड्यात पाचही बोटांचे खळगे, अंगठ्याचा सगळ्यांत खोल. मी त्या हातात घेऊन किती वेळ बसले कुणास ठाऊक. त्या दिवशी वहीत एकच ओळ लिहिली : ‘चपला अजून पाय धरून बसल्या होत्या.’ निर्जीव वस्तूला सजीवासारखं वागवलं की तिला चेतनगुणोक्ती म्हणतात, हे तेव्हा मनातही नव्हतं. ओळ त्या खळग्यांनी दिली.

तुमच्याकडे चष्मा आहे. ता. क. मध्ये तुम्ही लिहिलेली तीन वाक्यं अख्ख्या उताऱ्यापेक्षा जिवंत आहेत, आणि त्यांत एकही अलंकार नाही. आजीची परवानगी काढून त्या चष्म्यासमोर बसा. काड्यांची टोकं कानांमागे बसून कशी वाकलीत? दोऱ्याची गाठ कुणी मारली होती? काचेवर बोटाचा ठसा उरलाय का? आधी सरळ शब्दांत, एकही ‘सारखं’ न वापरता लिहा. त्यातून एखादी प्रतिमा आपणहून वर आली तर ठेवा. नाही आली तरी उतारा तोलून धरायला चष्मा पुरेसा आहे.

आणखी एक. बघतंय कोण, हे विसरू नका. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या बाईला घर उसवल्यासारखं वाटेल, सुताराला सांधे निखळल्यासारखं. उपमान बघणाऱ्याच्या हाताखालच्या जगातून यावं.

गंगा-यमुना काढून टाका. आजी चष्मा हलवू देत नाही, यात तिचं रडणं आलं.

प्रश्न : चांगलं लिहायला किती अलंकार पाठ हवेत?

उत्तर : भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ती संख्या शंभरापलीकडे नेली. नावं माहीत असली की दुसऱ्याचं लेखन बारकाईने वाचता येतं, म्हणून जरूर शिका. लिहायला बसल्यावर मात्र ती यादी समोर ठेवू नका.

प्रश्न : उपमा वापरावी की रूपक, हे कसं ठरवायचं?

उत्तर : उपमेत दोन वस्तू शेजारी उभ्या राहतात, रूपकात एक दुसरीच होऊन जाते. ‘त्याचा आवाज वाळूसारखा कोरडा होता’ यातला ‘कोरडा’ काढून बघा. ‘त्याचा आवाज वाळूसारखा होता.’ ही लुप्तोपमा. आता कोरडेपणा, खरखर, हातातून निसटणं, सगळं वाचकच शोधतो. मला ही फार आवडते.

रूपकाला जास्त जपावं लागतं, कारण एकदा केलं की वाक्य संपेपर्यंत ते पाळावं लागतं. तुम्ही पाठवलेलं वाक्य आहे : ‘संतापाचा वणवा पेटला आणि तो त्यात बुडून गेला.’ वणव्यात कुणी बुडत नाही. वणवा ठेवायचा असेल, तर आधी काय पेटलं आणि मागे काय काळं पडून राहिलं, ते लिहा.