वाचकांचे प्रश्न : जीपीएसची नोंद दाखवून वेगाचं ई-चलान रद्द होतं का?

माझ्या मोटारीत ट्रॅकर आहे. द्रुतगती मार्गावर ताशी ११८ किमी वेगाचं ई-चलान आलं. त्याच मिनिटाला ट्रॅकरच्या ॲपमध्ये वेग ९६ दिसतो. हा पुरावा पुरेल का?
— वाचक, चिंचवड

नुसत्या ९६ वरून काहीच सांगता येत नाही. त्याच्या आधीची आणि नंतरची नोंद किती सेकंदांवर आहे, ते आधी पाहा. बाजारातले बरेचसे ट्रॅकर १० ते ३० सेकंदांनी एकदा नोंद पाठवतात. ११८ च्या वेगाने गाडी १० सेकंदांत सुमारे ३३० मीटर जाते. कॅमेरा दिसल्यावर मध्यम ब्रेक लावला तर ११८ चे ९६ व्हायला दोनेक सेकंद पुरतात. म्हणजे पोलिसांचा आकडा आणि तुमचा आकडा दोन्ही खरे असू शकतात, आणि समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात हे दाखवून देईल.

कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावचा एक खटला यासाठी माहीत असावा. २००७ मध्ये तिथे एका तरुणाला ताशी ४५ मैलांच्या हद्दीत ६२ मैल वेगासाठी पकडलं. घरच्यांनी गाडीत ट्रॅकर बसवला होता आणि त्यात नेमका ४५ चा आकडा होता. प्रकरण दोन वर्षांहून अधिक चाललं आणि निकाल पोलिसांच्या बाजूने लागला, तोही ट्रॅकरच्याच नोंदीवरून. नोंदी ३० सेकंदांच्या अंतराने होत्या. पहिल्या नोंदीत गाडी सिग्नलला उभी, वेग शून्य. दुसऱ्या नोंदीत वेग ४५, आणि दोन्ही ठिकाणांमधलं अंतर १,९८० फूट, म्हणजे सुमारे ६०० मीटर. ३० सेकंदांत इतकं अंतर म्हणजे सरासरीच ४५ मैल. शून्यापासून निघालेल्या गाडीची सरासरी ४५ यायची तर मध्ये कुठेतरी ती ४५ च्या बरीच वर गेलेली असणारच. तुमच्या नोंदींवर हे गणित आधी स्वतः करा. दोन बिंदूंमधलं अंतर भागिले वेळ, आणि येणारी सरासरी दोन्ही टोकांच्या वेगांशी जुळते का ते बघा. जुळत नसेल तर ती फाइल तुमच्याच विरुद्ध साक्ष देईल.

दर सेकंदाला नोंद करणारा जीपीएसवाला डॅशकॅम असेल तर मात्र तुमची बाजू भक्कम आहे. मूळ मेमरी कार्ड लगेच काढून ठेवा. डॅशकॅम जुन्या चित्रीकरणावर नवं चित्रीकरण चढवतो आणि चलानचा संदेश येईपर्यंत हवा तो भाग पुसला गेलेला असतो.

पोलिसांचं यंत्र प्रमाणित, माझा ट्रॅकर स्वस्तातला. मग खरा आकडा कोणाचा?
— वाचक, नाशिक

किमतीचा संबंध कमी, पद्धतीचा जास्त. उघड्या आकाशाखाली जीपीएसचा साधा रिसीव्हरही उपग्रहांच्या लहरींमधल्या डॉप्लर फरकावरून, म्हणजे हालचालीमुळे लहरींच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, वेग काढतो आणि स्थिर वेगात त्याची चूक सहसा ताशी एक किमीच्या आत राहते. पण काही ट्रॅकर ही पद्धत न वापरता दोन ठिकाणांमधलं अंतर मोजून वेग काढतात. ठिकाणात ५ मीटरची चूक नेहमीचीच, आणि एका सेकंदात ५ मीटर इकडेतिकडे झाले तर वेगात ताशी १८ किमीचा फरक पडतो. तुमच्या यंत्रात कोणती पद्धत आहे ते कंपनीकडून लेखी घ्या.

बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. भाताण, माडप किंवा कामशेतच्या बोगद्यात आणि बाहेर पडल्यावरचे काही सेकंद आकडा गोठतो किंवा उडी मारतो. चलान अशा जागेचं असेल तर ट्रॅकरच्या भरवशावर भांडू नका. त्यातच बऱ्याच ट्रॅकरमधला आकडा ‘मऊ’ केलेला असतो, म्हणजे खऱ्या वेगाच्या एक-दोन सेकंद मागे चालतो.

स्पीडोमीटरचा दाखला देऊ नका. मानकांप्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी कधीच नाही. त्यामुळे ‘काटा ९५ वर होता’ हे खरं असेल तर तुमच्या बाजूचं आहे, पण सिद्ध कसं करणार?

लेसर गनचा फोटो असेल तर खुणेचा बिंदू तुमच्याच गाडीवर आहे का ते पाहा. रडारच्या फोटोत शेजारच्या लेनमध्ये दुसरी गाडी दिसत असेल तर मोजलेला वेग नक्की कोणाचा, हा प्रश्न रास्त आहे. लेसर तिरपा धरल्याची हरकत मात्र घेऊ नका. तिरक्या कोनातून वेग कमी मोजला जातो, म्हणजे फायदा तुमचाच झालेला असतो.

आमच्या बसला एआयएस-१४० (प्रवासी वाहनांसाठीच्या सरकारी मानकाचा) ट्रॅकर आणि ८० चा स्पीड गव्हर्नर आहे. तरी ९७ चं चलान आलं. हे शक्य आहे का?
— बसमालक, कोल्हापूर

शक्य आहे. गव्हर्नर इंधन तोडतो, ब्रेक लावत नाही. लांब उतारावर भरलेली बस ८० च्या पुढे घरंगळू शकते, चालकाने न्यूट्रल केली तर नक्कीच. म्हणून आधी चलानची जागा नकाशावर पाहा. सपाट रस्ता किंवा चढ असेल तर गव्हर्नरचं चालू प्रमाणपत्र आणि ट्रॅकरची नोंद मिळून चांगली बाजू तयार होते.

तुमची दुसरी जमेची बाजू म्हणजे एआयएस-१४० ची नोंद ठरलेल्या नमुन्यात थेट सर्व्हरवर जाते. रेंज नसताना ती यंत्रात साठते आणि रेंज आल्यावर पुढे जाते, त्यामुळे ‘मालकाने बदलली’ हा आरोप चिकटवणं अवघड. सेवा देणाऱ्या कंपनीकडून पीडीएफ अहवाल घेऊ नका, कच्ची फाइल मागा. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, वेग, दिशा, उपग्रहांची संख्या, ठिकाण पक्कं होतं की नाही आणि इग्निशन, एवढे रकाने हवेत. घटनेच्या आधीची व नंतरची किमान १५ मिनिटं त्यात असू द्या. कंपन्या जुना डेटा ठरावीक दिवसांनी काढून टाकतात, म्हणून मागणी चलान मिळाल्याच्या दिवशीच ईमेलने करा.

दोन गफलती वारंवार होतात. कच्च्या फाइलीत वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. दुपारी ३:१० चं चलान तिथे ९:४० ला शोधा. आणि वेग कधी कधी नॉट्समध्ये असतो. १ नॉट म्हणजे १.८५२ किमी, तेव्हा ‘५४’ पाहून खूश होऊ नका, ते ताशी १०० किमी आहेत.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधल्या सरासरी वेगाचं चलान आलं तर?
— वाचक, पनवेल

इथे ट्रॅकर खरा उपयोगी पडतो, कारण क्षणाचा वेग सिद्ध करायचाच नसतो. समजा टप्पा १० किमीचा. ताशी १०० ने तो ३६० सेकंदांत पार होतो, ११२ ने ३२१ सेकंदांत. फरक ३९ सेकंदांचा, आणि १० सेकंदांनी नोंद करणारा ट्रॅकरही तो दाखवू शकतो. टप्पा २ किमीचा असेल तर हाच फरक ८ सेकंदांवर येतो आणि ट्रॅकर निरुपयोगी होतो.

फास्टॅगच्या वेळा जोडायच्या तर बँकेच्या विवरणातली टोलनाक्यावरची वेळ घ्या, एसएमएस उशिरा येतो. खालापूर ते तळेगाव सरासरी ८० होती म्हणून मध्ये कुठे ११८ नव्हती, असं मात्र सिद्ध होत नाही. तुमच्या नंबरची दुसरीच गाडी फिरत असेल तर फास्टॅग आणि ट्रॅकर मिळून प्रकरण बहुधा पहिल्या तक्रारीतच मिटावं.

तक्रार नेमकी कशी करायची? दंड आधी भरावा का?
— वाचक, ठाणे

भरू नका. भरला की प्रकरण तडजोडीने मिटलं असं धरतात. नोटिशीवरची मुदत पाहून त्याआधी महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर चलान क्रमांकासह तक्रार टाका. तिथे न पटल्यास न्यायालय. लोक अदालत तडजोडीसाठी असते, तिथे पुरावा तपासून निर्णय होत नाही.

तुमच्या ट्रॅकरआधी त्यांचे कागद तपासा, बरीच प्रकरणं तिथेच सुटतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १६७-अ नुसार यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं, त्या पट्ट्याआधी इशारा फलक हवा, चलानसोबत नंबरप्लेट दिसणारा फोटो व यंत्राचं मोजमाप हवं आणि नोटीस घटनेपासून १५ दिवसांत यायला हवी. प्रमाणपत्राची प्रत माहितीच्या अधिकारात १० रुपयांत मागता येते. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून तक्रार आधी आणि अर्ज त्याच दिवशी.

न्यायालयात फाइल द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्यात दोन भाग असतात, एक यंत्र किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा ठशासारखा सांकेतिक आकडा, द्यावा लागतो. हे प्रमाणपत्र ऐच्छिक नाही. जुन्या कायद्यातल्या ६५-ब या अशाच कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसं ठरवलं, तेही आपल्याच जालन्याच्या निवडणूक खटल्यात. मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केलीत तर तारखांचा नमुना बदलतो आणि हॅशही बदलतो. मूळ फाइल बाजूला ठेवा, हिशेब प्रतीवर करा.

मोटारीचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली १,००० ते २,००० रुपये आहे, तज्ज्ञ आणि वकिलाचा खर्च त्याहून सहज जास्त. मर्यादा १०० आणि मोजलेला वेग १०४ असेल तर आमचा सल्ला भरून मोकळं व्हा असाच आहे. जड वाहनांची गोष्ट वेगळी. तिथे दंड २,००० ते ४,०००, आणि दुसऱ्या वेळेस चालकाचं लायसन्स (मोटारचालकाचंही) जप्त होऊ शकतं. तिथे खर्च करणं परवडतं.

गुगल टाइमलाइन चालेल का?
— वाचक, सातारा

वेगासाठी नाही. तिच्यात नोंदी विरळ असतात आणि मधला रस्ता अंदाजाने जोडलेला असतो. त्या दिवशी तुम्ही साताऱ्यात होता आणि चलान वाशीचं आहे, इतकं दाखवायला आधाराचा कागद म्हणून जोडा. टाइमलाइन आता फोनमध्येच साठते, तेव्हा फोन बदलण्याआधी ती निर्यात करून घ्या.