रात्रीचा दुसरा डोस

"एवढं मोजून-मापून करते, तरी हिची शुगर वर-खाली होतेच. माझं नेमकं कुठं चुकतंय?" टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलांच्या आया हा प्रश्न मला इतक्यांदा विचारतात, की एका घराची गोष्ट जरा सविस्तर सांगावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सिडकोतलं कुटुंब. लेक दहावीत. दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर, त्याचे आकडे तिच्या मोबाइलवर आणि तिथून आईच्याही मोबाइलवर. दोनशेचा अलार्म वाजला की आई थेट कॉलेज रोडच्या क्लासमध्ये फोन लावायची. लेक मग ब्लूटूथच बंद करून ठेवू लागली. त्यात रात्री शुगर लो होण्याचे प्रसंग वाढले. डॉक्टरांनी डोस पुन्हा पुन्हा तपासले, पण हिशेब जुळेना. तेव्हा त्यांनी या दोघींना समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

आईच्या मनात दुसराच काटा होता. "मॅडम, लहानपणी मी हिला चॉकलेटं फार दिली का हो?" नाही, ताई. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्यानं हा आजार होत नाही. हे त्यांना डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण त्या दिवशी ते लेकीसमोर, मोठ्यानं सांगायची गरज होती.

मुलाला एकट्याला समोर बसवून त्याचा प्रश्न सुटतो, असं मी मानत नाही. घरात कोण कोणाला काय विचारतं आणि कोण कशानंतर गप्प होतं, हे मी आधी पाहते. या पद्धतीनं मला क्वचितच रिकाम्या हातानं परत पाठवलंय. म्हणून मी लेकीला विचारलं, "तू घरी आल्यावर आईचं पहिलं वाक्य कुठलं?"

"किती आहे?" ती लगेच म्हणाली. "आई आधी माझ्या आकड्याला भेटते, मग मला."

"अगं, काळजीपोटीच ना!" आई कळवळली.

"मला माहितीये गं. पण रात्री जेवल्यावर आकडा चढला की तुझा चेहरा पडतो. मग तू बघायच्या आत तो खाली यावा म्हणून मी अजून दोन युनिट घेते."

खोलीत कोणीच काही बोललं नाही. डॉक्टरांचा न जुळणारा हिशेब तिथं जुळला. जेवणाआधी घेतलेलं जलद इन्सुलिन तीन ते पाच तास काम करत राहतं. तासाभरात दुसरा डोस घेतला, की तो पहिल्यावर चढतो आणि मध्यरात्री शुगर कोसळते. शिवाय सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो. शुगर झपाट्यानं बदलत असेल तर तो काही मिनिटं मागे असतो. इन्सुलिननं काम सुरू केलं तरी पडद्यावरचा आकडा अजून वरच असतो आणि घाबरलेला हात पुन्हा इन्सुलिनच्या पेनकडे जातो.

मला मात्र त्या क्षणी वेगळंच दिसलं. तो दुसरा डोस साखरेसाठी नव्हताच. तो आईच्या चेहऱ्यासाठी होता. शुगरपेक्षा आईचं दुःख आधी उतरवायचं, हे काम त्या पोरीनं मुकाट्यानं अंगावर घेतलं होतं. आईला हे कळलं तेव्हा त्यांनी लेकीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढच्या भेटीत आम्ही कागदावर एक गणित मांडलं. साधारणपणे शुगर दिवसाचा ७० टक्के वेळ ७० ते १८० च्या पट्ट्यात राहिली तर नियंत्रण चांगलं मानतात. म्हणजे चोवीसपैकी जवळपास १७ तास. "म्हणजे सात तास बाहेर गेली तरी चालेल?" आईनं दोनदा विचारलं. चालेल, फक्त त्यातला ७० च्या खालचा वेळ तासाभरापेक्षा कमी हवा. पाळी जवळ येणं, ताप, परीक्षेचं दडपण, वाढीचं वय, कशानंही आकडा हलतो. दर वेळी कोणीतरी चुकलेलं असतंच असं नाही.

मग घरात थोडे बदल झाले. शुगर लो झाल्याचा अलार्म दोघींच्या फोनवर चालूच ठेवला. वरच्या अलार्मची मर्यादा डॉक्टरांनी ठरवून दिली. लेक घरी आली की आधी चहा आणि शाळेच्या गप्पा. ग्राफ दोघी मिळून रविवारी बघणार, तोही आठवड्याचा. लपूनछपून खाल्ली जाणारी मिसळ उघडपणे खायची, आणि पाव किती, डोस किती वेळ आधी, हे डॉक्टरांकडून शिकून घ्यायचं असं ठरलं. तर्रीतल्या तेलामुळे शुगर उशिरा चढते, हे लेकीनं स्वतःच्या ग्राफवरून शोधून काढलं आणि मला सांगायला मुद्दाम फोन केला. रात्रीचे लो हळूहळू कमी झाले.

तुमच्या घरी असंच चाललं असेल, तर आजपासून "किती आहे?" हा पहिला प्रश्न नको. शुगर ७० च्या खाली गेली की मात्र चर्चा नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. रात्री सेन्सरच्या दंडावर झोपल्यानं आकडा खोटाच कमी दिसू शकतो, तेव्हा शंका आली तर बोटाला टोचून बघा, पण लक्षणं दिसत असतील तर थांबू नका. शुगर बराच वेळ २५० च्या वर राहिली आणि उलट्या होऊ लागल्या, तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) तपासून लगेच डॉक्टरांना गाठा. डोस त्यांना विचारूनच बदला. आणि मुलानं चोरून घेतलेला डोस कबूल केला, तर त्या दिवशी रागवू नका. वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच दाखवायचं आहे.