टाकी भरली, पंप बंद

"मॅडम, टेस्टोस्टेरॉन १४००, मग शुक्राणू शून्य कसे?" मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांकडून हल्ली हे सारखं ऐकते. विचारणारा बहुधा तिशीतला, दंड भरलेले, मान खाली.

एकाचंच सांगते, ओळख पुसून. जिममधल्या ओळखीतून आठ महिने दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन. बायकोला सांगितलेलं, 'प्रोटीन घेतोय.'

त्याचं बोट १४०० वर होतं. मी खालची ओळ दाखवली: एलएच, म्हणजे वृषणाला कामाचा हुकूम देणारं हार्मोन, ०.१ पेक्षा कमी.

मेंदूतलं हायपोथॅलॅमस साधारण दीड-दोन तासांनी जीएनआरएच हे हार्मोन सोडतं. त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडते. एलएच पोचलं की वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. रक्तात ते पुरेसं दिसलं की मेंदू हुकूम थांबवतो. ते सुईतून आलंय हे त्याला कळत नाही. शुक्राणूंना मात्र एफएसएच लागतं, आणि वृषणातलं, रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त टेस्टोस्टेरॉन. दोन्ही आटतात.

तीन भेटींत हे तीनदा सांगितलं. तो मान डोलवायचा आणि पुन्हा "म्हणजे मी संपलो" वर यायचा. चौथ्या वेळी उशिरा आला. सोसायटीत टँकर आला होता. "पाइप थेट वरच्या टाकीत सोडला. टाकी भरलेली, मग खालचा पंप कसला चालू होतोय, सेन्सर..." तो थांबला. "मॅडम, माझा पंप जळला नाहीये. बंद आहे."

मी गप्प राहिले. कोरडा धीर देण्यापेक्षा यंत्रणा समजलेली बरी, हे माझं जुनं मत. तरी टँकर मला सुचला नव्हता.

पुढचं काम चिवट. इंजेक्शन एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच थांबवायचं. मग काही आठवडे, कधी महिने, अंगात त्राण नसतं, इच्छा नसते, मन खचतं. पंप लगेच धरत नाही. बरेच जण इथेच पुन्हा सुई घेतात. म्हणून बायकोला आधी सांगायला लावलं. गरज वाटली तर डॉक्टर एचसीजी देतात, ते एलएचचंच काम करतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे महिन्याभरात तपासणी करून रडू नये. बहुतेकांना सहा महिने ते वर्ष, काहींना जास्त. काहींचं पूर्ण भरून येतही नाही, हेही सांगते.

आणि ज्यांनी अजून सुई घेतलेली नाही त्यांच्यासाठी: टेस्टोस्टेरॉन कमी दाखवणाऱ्या संध्याकाळच्या एका रिपोर्टवर घाबरू नका. सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दोन दिवशी तपासा.

सातव्या महिन्यात त्याचा एलएच ३.४ आला. शुक्राणू कमीच, पण शून्य नाहीत. लिफाफा बायकोने उघडला होता.