हवापाण्याचे प्रश्न: कोकणातला मे

गेल्या अंकानंतर आलेली बहुतेक पत्रं किनाऱ्यावरची आहेत, आणि सगळ्यांना मे महिन्याचीच धास्ती आहे. किनाऱ्यावरच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून मी नोकरी केली, त्यामुळे हा महिना मी नोंदवहीतून पाहत आले आहे. उत्तरं त्याच नजरेनं देते.

प्रश्न: मी गुहागरची. बहीण नागपूरला असते. तिच्याकडे ४३ अंश असतात आणि आमच्याकडे जेमतेम ३३. तरी दुपारी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. परवा सासूबाईंना गरगरलं. बहीण म्हणते, तुम्हाला काय, समुद्र आहे! आम्हीच नाजूक झालो आहोत का?

अजिबात नाही. वेधशाळेत दोन तापमापक शेजारी शेजारी लावलेले असतात. एक साधा असतो. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून ती पाण्यानं सतत ओली ठेवलेली असते. चिंधीतलं पाणी उडून जाताना पारा खाली उतरतो, अगदी घाम वाळताना आपलं अंग निवतं तसा. किनाऱ्यावरची खारट हवा लागून ही चिंधी लवकर कडक होते, म्हणून ती वेळच्या वेळी बदलावी लागते.

आता आकडे बघा. मेच्या दुपारी गुहागरात साधा तापमापक ३३ दाखवत असेल तर ओला २८ च्या आसपास असतो. नागपूरच्या कोरड्या हवेत साधा ४३ असला तरी ओला २३ पर्यंत उतरू शकतो. म्हणजे घामानं अंग निववण्याची सोय तुमच्या बहिणीकडे तुमच्यापेक्षा चांगली आहे. ३३ अंश आणि ६८ टक्के आर्द्रता एकत्र आली की अंगाला ४२ च्या आसपासचा उकाडा जाणवतो. नागपूरचं ऊन जीवघेणं आहेच, त्याला मी कमी लेखत नाही. पण तुमचा त्रासही खरा आहे.

यात एक अडचण आहे. हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करतं ते कमाल तापमान ३७ किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेलं तरच. ३३ ला लाट जाहीर होणार नाही. म्हणून बातम्यांत ‘उष्ण व दमट हवामान’ असा पिवळा इशारा आला की तो तुमच्यासाठीच आहे असं समजा. दुपारचा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा, कधी सुटतो तेही बघा. पूर्वेचा, म्हणजे जमिनीवरचा वारा जोरात असेल तर खारा वारा उशिरा येतो आणि तो दिवस सगळ्यात वाईट जातो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले. मार्च-एप्रिलात किनाऱ्यावर पारा असा चढतो तो बहुतेक वेळा याच कारणानं.

सासूबाईंचं मात्र मनावर घ्या. अकरा ते चार त्यांना चुलीपाशी बसू देऊ नका. खोली बंद ठेवण्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावा. मीठ घातलेली पेज, कोकम सरबत द्या. रक्तदाबाचं औषध चालू असेल तर मीठ किती, ते डॉक्टरांना विचारून. असंबद्ध बोलणं, ग्लानी, अंग भट्टीसारखं तापणं यातलं काहीही दिसलं तर अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

प्रश्न: आमच्या गच्चीवरचा तापमापक ४१ दाखवतो, बातम्यांत ३४ सांगतात. खरं काय? (श्रीवर्धन)

दोन्ही खरं. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. तो सावलीतल्या हवेचं तापमान सांगतो, तुमचा तापलेल्या स्लॅबचं. गच्चीवर काम करणाऱ्या माणसानं मात्र तुमचाच आकडा धरावा.

प्रश्न: देवगडात आमची हापूसची कलमं आहेत. निम्मा आंबा अजून झाडावर आहे. मोबाइलवर पुढच्या गुरुवारी पाऊस दाखवतोय. सगळा उतरवून टाकू का?

नका उतरवू. आठवडाभर पुढचं ते ढगाचं चित्र वळवाच्या पावसासाठी भरवशाचं नाही. वळीव गावागणिक वेगळा पडतो. तो कसा तयार होतो ते लक्षात घ्या. दुपारी सह्याद्रीवर हवा तापून ढग उभे राहतात आणि वरच्या थरात पूर्वेचा वारा असेल तर संध्याकाळी ते किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून दोन-तीन वाजल्यापासून घाटाकडे नजर ठेवा. फुलकोबीसारखे ढग झरझर वाढताना दिसले की हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवाच. गडगडाट ऐकू आला की झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात घेऊन झाडाखाली कुणीही उभं राहता कामा नये. आंबा पुन्हा येईल.

तोडणीचं म्हणाल तर चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेलं फळ आधी काढा. सकाळी उन्हं चढण्याआधी, नूतन झेल्यानं, देठासकट. काढलेला आंबा तापल्या कातळावर क्षणभरही ठेवू नका, त्या धगीनं साका (गर आतून खराब होणं) वाढतो. पावसात भिजलेलं फळ सुकवूनच आढीत घाला आणि शक्यतो वेगळं ठेवा, नाहीतर करपा हा बुरशीचा रोग सगळ्या आढीभर पसरेल. पावसाच्या सरी येऊन गेल्या की फळमाशीही वाढते, तेव्हा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे आधीच टांगून ठेवा.

एका बाबतीत मात्र माझं उत्तर उलटं आहे. लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि ते उत्तरेला सरकण्याचा अंदाज आला, तर थांबू नका. मेमध्ये अरबी समुद्राचं पाणी २९-३० अंशांपर्यंत तापलेलं असतं आणि चक्रीवादळाला साडेसव्वीस पुरतात. तौक्ते २०२१ च्या मेमध्ये कोकणात जमिनीवर आलंच नाही, ते थेट गुजरातला धडकलं. तरी नुसतं किनाऱ्याला समांतर जाताना त्यानं आंब्याची काय दशा केली, ते तुम्ही पाहिलं आहे. अशा वेळी हाताशी तीन-चार दिवस असतात. तयार फळ सगळं घरात आणा.

प्रश्न: आम्ही मस्कतला असतो. मुलीचं लग्न २४ मे रोजी मालवणात, घराच्या अंगणात करायचं आहे. पाऊस येईल का?

मुलीला आशीर्वाद. तळकोकणात मान्सून सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो, पण २४ मेला संध्याकाळी वळवाची सर येणं मुळीच नवलाचं नाही. मुहूर्त सकाळचा धरा, जेवणावळ दुपारी उरका आणि मांडवाला कापड नको, पत्रा घाला. पाहुण्यांना सिंधुदुर्ग किल्ला दाखवायचा असेल तर लग्नाआधी दाखवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळू लागतो आणि होड्या बंद होतात.

प्रश्न: २०२५ मध्ये पाऊस मेमध्येच आला. यंदाही रोहिणी नक्षत्रात धूळवाफ्यावर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच, भात पेरून टाकावं म्हणतो. (राजापूर)

२०२५ चा दाखला धरूनच सांगते. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात, २५ ला देवगडपर्यंत आणि २६ ला मुंबईत आला. मुंबईच्या नोंदीत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. पण लगेच पुढची वाटचाल अडली आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जोर ओसरला. पहिल्या ओलीवर उगवलेल्या रोपांना ती उघडीप फार महागात पडते.

आलेला पाऊस वळीव की मान्सून, हे ओळखता येतं. वळीव घाटाकडून संध्याकाळी येतो, वारा-वावटळ, विजा घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन. मान्सून समुद्राकडून येतो. नैऋत्येचा वारा रात्रीही पडत नाही, पहाटेही सरी येतात, आभाळ दिवसभर भरलेलं राहतं. हवामान खातंही केरळात एका सरीवर मान्सून जाहीर करत नाही. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस लागतो, शिवाय पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत पोहोचलेले असावे लागतात.

तेव्हा असं करा. मेच्या मध्याला केरळातल्या आगमनाचा अंदाज येतो, त्यात चार दिवस इकडे-तिकडे धरलेले असतात. तो ऐका. विहिरीचं पाणी हाताशी असेल तर निम्मा तरवा (लावणीच्या रोपांसाठीची पेरणी) रोहिणीत टाका, म्हणजे उघडीप पडली तर शिंपून वाचवता येईल. उरलेलं बियाणं मृगातल्या धरत्या पावसासाठी ठेवा. विहीर नसेल तर सगळंच मृगात पेरा, शेजाऱ्याची रोपं आधी हिरवी झालेली दिसली तरी.