हुंडा आम्हीच दिला होता. आता बहिणीसाठी तक्रार केली तर आम्हीच अडकू का?

बहीण सासरी मार खातेय आणि तुम्ही विचारताय, आपण अडकू का. राग मानू नका, २०१३ साली आमचे वडील नेमकं हेच म्हणाले होते, म्हणून लिहितोय.

ताई पंचमीला आली ती कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून. न्हाऊ घालताना आईनं पाठ बघितली. प्लॉट घ्यायचाय, माहेराहून दोन लाख आण, एवढंच कारण. लग्नात पाच तोळे आणि दीड लाख रोख आधीच गेले होते, वावर गहाण ठेवून. काका म्हणाले, पोलिसात गेलं की पोरीचं नांदणं मोडतं, चार माणसं बसवू. बसवली. चार माणसं जेवली, जावयाला समज दिली, आणि ताईला मीच मोटारसायकलवर परत सोडून आलो. दिवाळीच्या आत तिचा हात मोडला.

मग पोलीस ठाण्यात गेलो, तर म्हणे सासरच्या हद्दीत जा. हे आता ऐकून घेऊ नका. माहेरी आसरा घेतलेल्या बाईला तिथंच तक्रार देता येते, सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय. सासरच्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे.

अडकण्याचं म्हणाल, तर १९६१च्या हुंडाबंदी कायद्यानं हुंडा देणंही गुन्हाच आहे. पण पीडित व्यक्तीनं दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच त्या कायद्याखाली खटला भरता येत नाही, कलम ७(३). काकांना मी ते छापून दाखवलं होतं. चष्मा नाही म्हणाले. नांदणं मोडेल म्हणे! लग्नानंतर सात वर्षांच्या आत पोरगी अशी छळानं गेली तर हुंडाबळीचं कलम लागतं, किमान सात वर्षं शिक्षा. पण ते ती गेल्यावर.

मी वकील नाही, एखादा गाठाच. आणि तक्रार दिली की सगळे लगेच आत, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालापासून अटक का हवी हे पोलिसांनीच लेखी नोंदवायचं असतं. आमची सहा वर्षं कोर्टात गेली. सोन्याच्या पावत्या नव्हत्या, पाचातले दोनच तोळे परत आले.

गेल्या वर्षी काकांच्या धाकटीचं लग्न झालं. हुंडा नाही, नुसता ‘मानपान’. सोनाराच्या सगळ्या पावत्या मात्र काकांनी पिशवीत घालून आमच्या आईकडं ठेवायला दिल्यात.