आजी कुठे आहे, या तुझ्या प्रश्नाबद्दल

प्रिय बाळा,

परवा रात्री तू विचारलेस, की तुझ्या मित्राची आजी स्वर्गात येशूजवळ आहे, मग आपली आजी कुठे आहे, आणि ती कुठेच नसेल तर आपण तिच्या फोटोपुढे मेणबत्ती कशासाठी लावतो. मी ‘आधी जेवून घे’ म्हणाले, कारण मला उत्तर सुचले नाही. तुझा प्रश्न मनाला लागला, कारण हाच प्रश्न मी नऊ वर्षांची असताना आजीच्या तोंडून ऐकला होता.

तुझा धाकटा मामा दोन वर्षांचा असताना तापाने गेला, हे तुला ठाऊक आहे. त्या वेळी आम्ही नगरला, दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या घरात राहत होतो. शेजारची मावशी दादांच्या चुलत घराण्यातलीच होती. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. मावशीच्या घराण्याने पुढे केव्हातरी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि दादांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांसमोर, लाखो लोकांबरोबर, धम्मदीक्षा घेतली. एकाच अपमानातून दोन घरे दोन दारांनी बाहेर पडली, असे दादा म्हणत. आमच्या घरी बुद्धवंदना आणि भिंतीपलीकडे मावशीचे भजन, या दोन्ही आवाजांत मी वाढले.

मामा गेला त्या संध्याकाळी मावशीने आजीला जवळ घेतले आणि म्हणाली, ‘तो आता प्रभूच्या मांडीवर आहे, तुला तिथे भेटेल.’ रात्री आजीने दादांना विचारले, ‘माझे बाळ कुठे आहे?’ दादा बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी किसागोतमीची गोष्ट सांगितली. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत बुद्धांकडे आली, तेव्हा बुद्धांनी तिला सांगितले, की ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरली. मोहरी सगळ्यांकडे होती, पण तसे घर एकही नव्हते.

आजीने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले, की त्या रात्री तिला दादांचा राग आला होता. तिला गोष्ट नको होती, मावशीचे वाक्य हवे होते. पुढचे दहा दिवस बायका भेटायला येत राहिल्या, आणि प्रत्येकीने पदराने डोळे पुसत आपले गेलेले मूल सांगितले: कुणाचे बाळंतपणातच, कुणाचे गोवराने, तर मावशीचेही एक, जे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. किसागोतमीला दारोदार जावे लागले. आजीकडे ती दारे स्वतः चालत आली.

मावशीच्या घरी मी लाजराची गोष्ट ऐकली. लाजर मरून चार दिवस झाले होते, आणि येशूने त्याला कबरेतून उठवले. आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही येशू आधी रडला, हे मावशी दर वेळी थांबून सांगत असे, आणि मला अजूनही त्या गोष्टीतले तेवढेच सर्वांत खरे वाटते. येशूने मेलेला माणूस परत दिला; बुद्धांनी मूल परत दिले नाही. सगळ्यात मोठा फरक इथेच आहे, असे मला वाटते. मावशीचा येशू ‘मी तुला तारीन’ म्हणतो. आमचे दादा सांगत, की बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, चालायचे आपणच.

चोरी करू नये, खोटे बोलू नये, जीव घेऊ नये, हे दोन्ही घरांत सारखेच होते. पण मावशीकडे त्या देवाच्या आज्ञा होत्या आणि मोडल्या तर देवाकडे क्षमा मागता येत असे. आमच्या पंचशीलात, म्हणजे पाच व्रतांत, आज्ञा करणारा कोणी नाही. त्यातल्या ‘समादियामि’ या पाली शब्दाचा अर्थ ‘मी हे व्रत घेतो’, आणि मोडले तर ते पुन्हा घ्यायचे. लहानपणी मला मावशीची पद्धत सोपी वाटायची, आणि खरे सांगायचे तर कधीकधी अजूनही वाटते. चूक केल्यावर कोणीतरी ‘जा, माफ केले’ म्हणावे, ही इच्छा काही लहान नाही.

जगात पुनर्जन्म मानणारे बौद्ध पुष्कळ आहेत. आपण बाबासाहेबांच्या वाटेने आलो, म्हणून आपल्या घरी आत्मा मानत नाहीत, श्राद्ध करत नाहीत, आणि आजी वर कुठेतरी बसून आपल्याला पाहते आहे असे मी तुला सांगू शकत नाही. तसे सांगितले असते तर तू परवा शांत झोपली असतीस, हे मला कळते. मी बरोबर केले की नाही, याची मला खात्री नाही.

मेणबत्तीचे मात्र सांगू शकते. वंदनेत फूल वाहताना आपण ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे’ म्हणतो, म्हणजे हे फूल जसे कोमेजते तसाच माझा देहही नाश पावणार आहे. आजी हे म्हणताना फुलाकडे बघत असे, मूर्तीकडे नाही. मामाच्या फोटोपुढे तिने चाळीस वर्षे मेणबत्ती लावली, आणि तो कुठून तरी ती बघतो आहे असे ती एकदाही म्हणाली नाही. मेणबत्ती विझेपर्यंत ती नुसती शेजारी बसायची. मावशी असली की तीही बसायची, ओठ हलवत प्रार्थना करायची, आणि आजी तिची प्रार्थना संपेपर्यंत उठत नसे.

तुझ्या मित्राने रविवारी त्यांच्या आजीच्या प्रार्थनेला बोलावले आहे. तुला जायचे असेल तर जा, मीही येईन. तिथे डोळे मिटायचे की नाही, हे तू ठरव. आपल्या आजीबद्दल कोणी विचारले आणि काही सांगावेसे वाटले, तर मोहरीची गोष्ट सांग. नाहीतर त्याच्या शेजारी बस.

तुझी,
आई