मराठी शाळा की इंग्लिश मीडियम?

प्रश्न: ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी आता पहिलीला. गावात सरकारी मराठी शाळा आहे पण घरचे म्हणतात बेळगावला व्हॅननं इंग्लिश मीडियमला घाला, आधीच कन्नड शिकायचंच आहे, मग मराठीत अडकवून काय करायचं? मला काय सुचेना.

उत्तर: अगं, कायद्यानं तू मोकळी आहेस. कर्नाटकानं 1994 मध्ये चौथीपर्यंत मातृभाषा किंवा कन्नडच माध्यम असा आदेश काढला होता, तो सुप्रीम कोर्टानं 2014 ला टिकू दिला नाही, माध्यम पालकच ठरवणार. पुढं 2019 ला सरकारनंच हजार सरकारी शाळांत इंग्लिश वर्ग काढले, म्हणजे बघ!

पण पाटी इंग्लिश म्हणून शिकवणं इंग्लिश होत नाही. आफ्रिकेतल्या रवांडा देशानं 2008 ला फ्रेंच सोडून एकदम इंग्लिश माध्यम धरलं, बऱ्याच मास्तरांनाच ते धड येत नव्हतं, मग 2011 ला पहिली तीन वर्षं परत किन्यारवांडात, म्हणजे तिथल्या मातृभाषेत, आणि 2019 ला पुन्हा पहिलीपासून इंग्लिश. पोरांनी काय करावं सांग.

मी असते तर गावच्या शाळेत घातलं असतं, वाचायला मराठीत शिकू दे, इंग्लिश विषय म्हणून आहेच की. आणि व्हॅनचा हट्टच असेल तर आधी त्या शाळेत जाऊन बस, बाई वर्गात खरंच इंग्लिश बोलतात की नुसतं फळ्यावरचं उतरवून घेतात ते बघ. फी नंतर विचार.